हँडलला बांधलेली किनार

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

गवत कापायचं मशीन सुरू होत नाही. आज दोरी सत्तावीस वेळा ओढली. खांदा दुखतोय, म्हणून बसून हे लिहिते आहे. यांच्या टेबलाच्या खणात एक कोरी डायरी होती. शाळेत सिस्टर आग्नेस म्हणायच्या, मुलींनो, जे कुणाला सांगता येत नाही ते तारखेसह लिहावं. मी मूळची डावखुरी. पहिलीत असताना त्या माझा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवायच्या, म्हणजे मी उजव्याने लिहायला शिकेन. प्रेमानेच करायच्या. अक्षर वळणदार आहे ते त्यांच्यामुळे.

२ नोव्हेंबरला हे जाऊन एक वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मागच्या अंगणातच करायचा, असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. ते दोन गुंठ्यांचं हिरवळीचं अंगण म्हणजे यांचा जीव होता. आता गवत गुडघ्याच्या वर आलंय. भन्तेजी कुठे बसणार आणि माणसं कुठे?

मशीन बिघडलं ते २८ सप्टेंबरच्या रविवारी. आमचा सुमित गवत कापत होता. सून मनाली कपडे वाळत घालत होती. उतारावरून मशीन घसरलं आणि तिच्या डाव्या पायावर गेलं. रबरी चप्पल पात्यात अडकली, म्हणून तिथल्या तिथे बंद पडलं, नाहीतर काय झालं असतं! करंगळीचं टोक गेलं, शेजारच्या बोटाला पाच टाके पडले. मी मागच्या ओट्यावर मेथी निवडत होते, त्यामुळे मला नेमकं दिसलं नाही. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. पोरगी बिचारी बोलायच्या स्थितीत नव्हती.

चप्पल अडकल्यानेच आत काहीतरी तुटलं असणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज यांची हत्यारांची पेटी काढली. बावीस वर्षं मोहिउद्दीन शेठच्या लूम कारखान्यात फिटर होते, मग मानकोलीला एका गोदामात मेंटेनन्सला. त्या गोदामाच्या बागेचं काम दुसऱ्यांकडे गेलं तेव्हा हे मशीन यांना तसंच मिळालं. टेम्पोत घालून घरी आणलं आणि नवी नवरी आणल्यासारखे हसत होते.

जुनं पेट्रोल काढून नवं घातलं. एअर फिल्टर धुतला, वाळवला. पात्यात अडकलेले चपलेचे तुकडे काढले. एका तुकड्यावर रक्त वाळलं होतं. तो मी मातीत पुरला, का ते माहीत नाही. मग दोरी ओढली. घर्र करून गप्प.

हँडलला एक बारीक दांडी आहे, हँडलच्याच आकाराची. यांनी ती पहिल्याच दिवशी लूमवरच्या पांढऱ्या किनारीने, कापडाच्या कडेची कापून निघते त्या पट्टीने, हँडलला गच्च बांधून टाकली होती. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून बांधली असावी. आता ती किनार नाही. दांडी नुसतीच लोंबते. उंदरांनी नेली असेल.

मनाली खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, "बाहेर ये, जरा दोरी ओढ. तुझे दंड तरुण आहेत."

"न्हाय आई. मी न्हाय येणार."

पडघ्याची पोर आहे. घाबरली की तिच्या तोंडी गावची बोली येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सुमितला सुट्टी. गोदामात शिफ्ट इन्चार्ज आहे, आठवडाभर शिव्या खाऊन येतो आणि रविवारी त्याचं डोकं तापलेलं असतं. सकाळी मी म्हटलं, बाळा, तेवढं मशीन बघ.

पंधरा-वीस वेळा दोरी ओढली त्याने. मग लाथ घातली. मग पाना घेऊन इंजिनच्या झाकणावर मारायला लागला. प्रत्येक घावाला एक शिवी. झाकण चेपलं. मनाली चहा घेऊन दारात आली होती. तो म्हणाला, "काय बघते? सर्कस आहे काय?" आणि पाना भिरकावला.

तिच्या डोक्याच्या वीतभर बाजूला भिंतीला लागला. प्लॅस्टरचा पोपडा उडून तिच्या केसांत पडला. तिच्या हातातला कप मात्र हलला नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटलं. किती स्थिर हात!

"तिला मारलाय का मी?" सुमित मला म्हणाला. "तिला मारायचा असता तर लागला असता. माझा नेम चुकत नाय."

खरं आहे ते. लहानपणी तो चिंचा पाडायचा, एका दगडात एक. मी चिंचा ओच्यात घेऊन उभी असायची. वडिलांसारखाच आहे. हात जड, पण मन लोण्याचं. दुपारी त्याने स्वतः मनालीच्या केसांतला चुना वेचून काढला. ती डोळे मिटून बसली होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गवतात घोणस निघाली.

कपड्यांच्या दोरीखाली वेटोळं घालून बसली होती. कुकरसारखी शिट्टी ऐकू आली म्हणून मनाली थबकली, नाहीतर त्याच दुखऱ्या पायाने तिच्यावर पाय दिला असता. सुमितने फावडं आणलं. पहिल्या घावात डोकं वेगळं झालं. तरी तो मारत राहिला. मी म्हटलं, "अरे, मेली ती." ऐकूच गेलं नाही त्याला. गवत, माती, साप, सगळ्याचा चिखल झाला तेव्हा थांबला. घामाने निथळत होता.

मग उरलेला तुकडा फावड्यावर घेऊन त्याने मनालीच्या तोंडासमोर धरला. ती भिंतीला टेकली. त्याने फावडं आणखी पुढे नेलं, अगदी ओठांपर्यंत. तो हसत होता.

"आता बोल. बोल ना. परवा फोनवर आईला काय सांगत होती?"

गंमत करायची त्याची ही सवय जुनीच. लहानपणी बेडूक घेऊन माझ्या मागे धावायचा. पण आज मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. आत जाऊन पंचशील म्हटलं, पहिल्याच ओळीला अडखळले.

गवत कापलंच पाहिजे. गवत आहे म्हणून साप आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शेजारच्या बिल्किसचा भाचा अफजल आला. मोटरसायकली दुरुस्त करतो. मी शाळेत शिकवायची तेव्हा दुसरीत माझ्या वर्गात होता, पाढे म्हणताना शर्टाचं बटण चावायचा. अजून मला टीचर म्हणतो.

त्याने फार नीट पाहिलं. पेट्रोल खाली येतंय का, कार्बोरेटरच्या भोकात कचरा आहे का, सगळं बघितलं. मग प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवला आणि मला म्हणाला, "टीचर, दोरी ओढा, बघू ठिणगी पडते का."

ओढली. ठिणगी नाही. पुन्हा ओढली. नाही.

"करंटच नाय येत. कॉइल गेली वाटतं. मुंबईहून मागवतो."

"त्या चपलेमुळे गेली असेल ना?"

"चप्पल अडकून कॉइल नाय जात टीचर." त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "एक विचारू? मशीन पायावर गेलंच कसं?"

"उतार आहे ना."

त्याने अंगणाकडे बघितलं. हातातला प्लगचा गोल पाना त्याने जमिनीवर आडवा ठेवला, तो घरंगळला नाही, मग उचलून पेटीत टाकला. "हां," एवढंच म्हणाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मनालीचे टाके काढले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फार चौकस. मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला यांच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, ती माझ्याशिवाय राहत नाही. मनालीही म्हणाली, "राहू द्या त्यांना."

मग त्यांनी दंडावरचं निळं विचारलं. मी सांगितलं, कपाटाचं दार. हे माझ्या तोंडून इतकं पटकन निघालं की मलाच नवल वाटलं. मनालीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणी गाडीच्या खिडकीतून मागे राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं.

वाटेत तिला उसाचा रस पाजला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी बिल्किस आली. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटच्या, एकाच बाकावरच्या. कल्याणला बसने जायचो, येताना कंडक्टरला इंग्रजी कविता म्हणून दाखवायचो आणि तो दर वेळी म्हणायचा, पोरींनो, तिकीट इंग्रजीत नाही मिळत. किती हसायचो!

आज तिला हसू नव्हतं.

"रत्ने, तुझ्या घरातून आवाज येतात."

"मशीनचे असतील."

"तुझं मशीन तर बंद हाय. मग?"

मी ताटलीतली करंजी तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत माझ्याकडे सरकवली.

"जरा सरक, त्या बाजूला येते," ती म्हणाली आणि उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. चाळीस वर्षं ती असंच करते. माझा डावा कान लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेला. न्हाणीत पाय घसरून पडले होते.

"न्हाणीत पडलं तर गालावर पाच बोटं उठत नाहीत," बिल्किस म्हणाली. "तेव्हा मी गप्प बसले. अब्बांनी सांगितलं, दुसऱ्याच्या घरातलं आपण बोलायचं नाही. मला अल्लाला जबाब द्यायचाय त्याचा. मिलिंदभाई गेले, अल्ला त्यांना माफ करो, त्यांची मगफिरत होवो. पण हा पोरगा जिवंत हाय."

"बिल्किस, ते देवमाणूस होते. माझ्यासाठी ही हिरवळ केली त्यांनी."

"हां. कान घेतला न् हिरवळ दिली."

मी तिला जायला सांगितलं. आमच्या पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "माझं मागचं दार उघडं असतं. तुझ्या सुनेला म्हाईत हाय. आता तुलाबी सांगते."

मनालीला कसं माहीत?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं लिहायला लाज वाटते.

अफजल नवी कॉइल घेऊन आला. बसवली. तरी ठिणगी नाही. बिचारा डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात सुमित ड्युटीवरून आला. त्याचा वरचा साहेब काहीतरी बोलला असावा, चेहराच तसा होता.

"झालं?"

"नाय भाई. समजतच नाय. सगळं बरोबर हाय, तरी करंट कुठंतरी मरतोय."

"नाय समजत तर हात कशाला लावला?"

"टीचरनी बोलावलं म्हणून…"

"टीचरनी? का माझ्या बायकोनी?"

अफजल उभा राहिला. "भाई, जबान सांभाळून."

सुमितने त्याची मान पकडून तोंड इंजिनवर आपटलं. एकदाच, पण असा आवाज झाला की माझ्या बहिऱ्या कानालासुद्धा कळला. नाकातून रक्ताची धार लागली. चेपलेल्या झाकणावर, नव्या कॉइलवर, गवतावर. दुसरीतल्या त्या पोराने नाक हाताने दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. शाळेत पडला की बघायचा तसंच. तेव्हा मी धावत जायची.

मी जागची हलले नाही.

"टीचर, जातो मी," तो म्हणाला. हत्यारं तशीच टाकून गेला.

नंतर सुमित आत गेला. दार लागलं. मी रेडिओ लावला. मोठ्याने लावला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मनालीचा डावा डोळा मिटलेला आहे. तिने मला काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हळद-तूप लावून दिलं.

कार्यक्रमासाठी पांढऱ्या चादरी काढायला त्यांच्या खोलीत गेले. पलंगाखाली एक बॅग होती. तिची चेन तुटलेली, म्हणून वरून बांधली होती. जुने कपडे कुणाला द्यायचे असतील.

बांधलं होतं ते यांच्या किनारीने. तीच पांढरी, कडेला निळा धागा. हँडलवर बसून काळी पडलेली.

म्हणजे उंदीर नव्हते. मनालीला बॅग बांधायला दुसरं काहीच मिळालं नाही? घरात सुतळीचं बंडल आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सगळं सविस्तर लिहिते.

ती किनार डोक्यातून जाईना. सकाळी सुमित गेल्यावर मी मशीनजवळ जाऊन बसले. हँडलवर जिथे किनार होती तिथे ग्रीस आणि धुळीचा थर होता. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन घासलं. खाली एक स्टिकर निघाला, अर्धा फाटलेला. बारीक अक्षरात इंग्रजी. चष्मा लावून वाचलं. इंजिन सुरू करताना आणि चालवताना ही दांडी हँडलला दाबून धरा. सोडली की इंजिन बंद होते. सुरक्षेसाठी. ही दांडी कधीही बांधू नका.

मी ते तीनदा वाचलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं मी, आणि माझ्याच अंगणात हे झाकलेलं होतं.

डाव्या हाताने दांडी हँडलशी दाबली. उजव्याने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं. घाबरून हात सोडला, तर खट्कन बंद. पुन्हा दाबली, ओढली, सुरू. सोडली, बंद. म्हणजे बिघाड नव्हताच. कॉइल बरोबर होती, प्लग बरोबर होता. अफजलचं नाक फुकट फुटलं.

लूमवर असंच असतं, ते आठवलं. बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबायला एक काटा असतो. माल कमी निघतो म्हणून कारागीर तो काटा बांधून टाकतात. हे स्वतः बांधून द्यायचे. लूमला थांबायची सवय लावायची नसते, म्हणायचे. आमच्या घरात तोच हात फिरला. म्हणून आम्हाला कुणालाच त्या दांडीचा उपयोग ठाऊक नव्हता.

मागे वळले तर मनाली दारात उभी. एक डोळा उघडा.

"तू सोडलीस ना ती किनार?"

"हां."

"तुला ठाऊक होतं?"

"पायाला पट्टी होती तेव्हा पडल्या पडल्या मोबाईलवर बघितलं. मोबाईल फुटायच्या आधी." मग म्हणाली, "आई, त्या दिवशी त्यांनी हात सोडला नव्हता. म्हणजे बांधलेलं नसतं तरी ते आलंच असतं माझ्यावर. पण मी म्हटलं, निदान बंद तरी राहील. माझ्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं."

मी म्हटलं, "उतार…"

"कुठाय उतार?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही सांगता म्हणून मीपण शोधला."

संध्याकाळी सुमितने विचारलं, "सुरू झालं?"

"नाही रे," मी म्हटलं. "होतच नाही."

३० ऑक्टोबर, गुरुवार

मजुरीवर येणाऱ्या पंढरीला विळा घेऊन उद्या बोलावलंय, गवत हातानेच कापून घेऊ. मशीनवर जुनं बारदान टाकून ठेवलं.

अफजलला भेटायला गेले. नाकावर पट्टी. त्याच्यापुढे हात जोडले तर म्हणाला, "टीचर, असं नका करू, मला पाढे आठवतील." हसायला गेला आणि दुखलं त्याला.

सुमितला लहानपणी गोवर झाला होता तेव्हा मी नऊ दिवस त्याच्या उशाशी बसले होते. तो चेहरा आणि हा चेहरा, मी एकमेकांवर ठेवून बघते. जुळतात. तेच वाईट आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं येतंय. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. बिल्किसच्या घरी आहे.

सकाळी अकराच्या सुमारास मी पुढच्या खोलीत बसून उद्यासाठी मोगऱ्याचे गजरे बांधत होते. पंढरी काल आला नव्हता, गवत उभंच होतं. सुमितला पांढरा शर्ट सापडत नव्हता. तो पलंगाखाली वाकला. बॅग ओढल्याचा आवाज आला. मग मनालीची किंकाळी.

केसाला धरून त्याने तिला मागच्या दाराने ओढत नेलं, मी मागोमाग ओट्यापर्यंत गेले. बॅग खोलीतच फरशीवर उलटी केली होती. दोन साड्या, तिची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, आधार कार्ड. किनार त्याच्या मुठीत होती.

"ही काढली होतीस होय? म्हणून सुरू होत नव्हतं होय? महिनाभर मला येडा बनवते?"

फिटरचा मुलगा तो. त्याला एका क्षणात कळलं. त्याने तिच्या पोटात लाथ घातली, ती गवतात पडली. बारदान फेकलं. दांडी दाबून किनारीचे तीन फेरे मारले आणि यांच्यासारखीच गाठ दिली. दोरी ओढली. मशीन सुरू झालं. गवताचे आणि मातीचे फवारे उडायला लागले. मनाली पाठीवर होती, टाचांनी मागे सरकत होती, आणि उंच गवतात तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"एक बोट गेलं तरी अक्कल नाय आली," तो ओरडला. त्याने हँडल खाली दाबलं, मशीनचा पुढचा भाग वर उचलला. खालचं पातं मला दिसलं. फिरताना ते पात्यासारखं दिसत नाही, नुसती एक चमक दिसते.

ओटा ते मशीन बारा पावलं आहेत. मी कशी गेले ते आठवत नाही. गजऱ्याचा दोरा कापायची कात्री माझ्या हातात होती, डाव्या. मी त्याच्या काखेखालून हात घातला आणि किनार कापली. एक फेरा तुटला. दुसरा. त्याने हँडल सोडून कोपर माझ्या छातीत मारलं. तिसरा तुटला, आणि दांडी खट्कन उडाली. मशीन थांबलं.

इतकं शांत झालं. मोगऱ्याचा वास आला मला, हातांचा.

मग त्याने अफजलच्या पेटीतला पाना उचलला. मी मनालीच्या अंगावर वाकले, म्हणून तो माझ्या मनगटावर बसला. दुसरा घाव मातीत गेला. तो म्हणाला, "आई, बाजूला हो. तुला नाय मारायचं मला."

"त्याचा नेम चुकत नाही," असं माझ्या मनात आलं आणि मी तिथेच पडून राहिले. मनालीचे दात माझ्या खांद्यावर वाजत होते.

बिल्किस तिच्या मागच्या दाराने आली. सगळ्यांच्या पुढे, हातात लाटणं, डोक्यावर ओढणीसुद्धा नाही. तिच्या मागे गल्लीतली चार माणसं. सुमितने पाना टाकला, मोटरसायकल काढली आणि गेला. दुपारी त्याला मानकोलीला पकडलं म्हणतात. गोदामातच गेला होता, ड्युटीवर. दुसरं कुठे जायचं त्याला सुचलं नसेल.

सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज यांचं वर्ष. भन्तेजी बिल्किसच्या ओटीवर आले, तिनेच सतरंजी घातली. पाच-सहा माणसं होती. फोटो आणायला मी त्या घरात गेले नाही. मेणबत्ती लावली. मनाली माझ्या उजव्या बाजूला बसली होती. तिची आई कमळाबाई पडघ्याहून पहाटेच आली आणि तिने लेकीचा हात एकदाही सोडला नाही. माझ्याशी ती बोलली नाही. बरोबर आहे.

दुपारी पोलीस चौकीत जबाब द्यायला गेलो. बाई हवालदार होत्या. कालचं लिहून झाल्यावर मी म्हटलं, "थांबा. २८ सप्टेंबरचंही लिहा."

"तो अपघात होता ना आजी? दवाखान्याच्या कागदावर तुम्हीच तसं सांगितलंय. उतारावरून मशीन घसरलं."

"अंगण सपाट आहे. हवं तर पाणी ओतून बघा. मशीनला चाकं आहेत, पण ढकलल्याशिवाय ते जात नाही. त्याने दोन्ही हातांनी ढकललं. ती कपड्यांच्या दोरीजवळ पाठमोरी होती. चप्पल अडकून बंद पडलं तरी तो ढकलतच होता."

बाईंनी पेन थांबवलं. "पण यात लिहिलंय, तुम्ही ओट्यावर भाजी निवडत होता, तुम्हाला काही दिसलं नाही."

मनाली माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या कडेला आलेल्या उन्हाकडे बघत होती. मी तिच्या बाजूचा कान पुढे केला, ती काही बोलली तर ऐकू यावं म्हणून.

"मी बघत होते," मी सांगितलं. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग भाजीचं?"

"मेथी शनिवारीच निवडून झाली होती."